लेओन्स आल्रिकचं दुसरं मरण

पॅरिस, ३ ऑक्टोबर १९९४

प्रिय सोलांज,

फोनच करणार होतो, पण गेल्या वेळी तू म्हणालीस की फोनवर माझा आवाज इतका गोड होतो की तुला लगेच दात घासावेसे वाटतात. म्हणून हे पत्र.

बातमी आनंदाची आहे. पुढच्या जूनमध्ये आल्रिक पेढीला दीडशे वर्षं पूर्ण होतात. मादाम ब्रेशार यांनी ठरवलंय की मोठा सोहळा करायचा आणि पेढीचा इतिहास पुस्तकरूपाने काढायचा. नव्या मालकांनी आमच्यावर नेमलेल्या त्या बाई. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. चांगल्या आहेत, उंच आहेत. पुस्तकाला जाड कागद, कापडी बांधणी, आणि लिहिण्याचं काम माझ्याकडे. पपांनी पेढी विकून मला इथं खुर्ची मिळवून दिल्यापासून माझ्याकडे आलेलं हे पहिलंच काम, हे तू म्हणण्याआधी मीच म्हणून टाकतो.

अडचण एकच आहे. इतिहास सापडत नाही. म्हणजे तारखा आहेत. १८४५ साली पणजोबा लेओन्सने मियोला तार्न नदीच्या काठी दुकान टाकलं, कोकराच्या कातड्याचे हातमोजे विकले, पैसा केला, पॅरिसला आला. मादाम म्हणतात, "रेमी, ह्यात आत्मा कुठे आहे?" बाकीच्या पेढ्यांकडे बघ. एकीचा संस्थापक म्हणे अनवाणी पॅरिसला आला. दुसरीच्या संस्थापकाने कुठल्याशा राणीच्या घोड्याचे अश्रू पुसले. आमच्याकडे काय, तर एक फोटो. त्यात लेओन्स असा बघतोय, जणू फोटोवाल्याने त्याच्या पायावर पाय दिलाय.

आजीच्या मांडीवर बसून सगळं ऐकायचीस ती तू. मी तेव्हा टेबलाखाली असायचो. काही आठवत असेल तर कळव.

कारखान्याच्या बाबतीत इकडे थोडा विचार चालू आहे. काळजी करू नको.

तुझा,
रेमी


मियो, ११ ऑक्टोबर १९९४

प्रिय रेमी,

पत्र मिळालं. दीड पान इतिहास आणि तळाशी "काळजी करू नको". हे वाक्य तू मला याआधी दोनदा म्हणाला आहेस. पहिल्यांदा माझी सायकल नदीत होती. दुसऱ्यांदा पपांनी पेढी विकलेली होती. तेव्हा सरळ सांग, कारखान्याचं काय चाललंय?

लेओन्सबद्दल खरं हवंय ना? घे. कातडी कमावणाऱ्या एका माणसाच्या विधवेशी त्याने लग्न केलं, कारण कातडी तिच्याकडे होती. मोजे कापायचे तिच्या कैलासवासी नवऱ्याचे कारागीर, शिवायच्या गावातल्या बायका आपापल्या घरी बसून, आणि लेओन्स मिशांना मेण लावायचा. म्हातारपणी तुलूझला घोड्यांच्या शर्यती बघायला गेला, तिथं बाकावर बसून शिळे शिंपले खाल्ले आणि जागच्या जागी आटोपला. त्याने पैसे लावलेला घोडा शेवटून दुसरा आला. आजी ही गोष्ट दर नाताळला सांगायची, नेमकी शिंपल्यांची परात पुढे आली की. ह्यात आत्मा सापडला तर मादामना माझ्याकडून भेट दे.

आणि खरं नकोच असेल, तर सांग की तसं. मी बनवून देते. लिही: लेओन्स कुठल्याही कातड्याला कात्री लावण्याआधी पठारावर चढून जायचा, डोक्यावरची टोपी काढायचा आणि त्या कोकराच्या आईची क्षमा मागायचा. मेंढीने मान डोलावली तर कापायचा. नाही डोलावली तर आल्या पावली परत. म्हणून आल्रिकचे मोजे इतके मऊ. कसं वाटतं? डोळ्यांत पाणी आलं का? माझ्या आलं, हसून हसून.

वास्तविक त्या कोकरांचा जीव जातो तो रोकफोर चीजपायी. मेंढीचं दूध माणसांना हवं, म्हणून पोराला दूर करायचं. आपण मागे उरलेलं कातडं घेतो इतकंच. क्षमा मागायचीच असेल तर चीजवाल्यांनी मागावी, आणि मेंढी काय म्हणते ते मलाही कळवावं.

इथं आम्ही सतरा जण आहोत. पोलेत अजून शिवते, चष्म्यावर चष्मा चढवून, आणि अजून सगळ्यांच्या पुढे असते. ती विचारत होती, तुझे केस किती उरलेत.

सोलांज


पॅरिस, ९ नोव्हेंबर १९९४

प्रिय सोलांज,

मेंढी मंजूर झाली.

ही माझ्या बहिणीची चेष्टा आहे असं मी सांगणार होतो. देवाशपथ सांगणार होतो. बैठकीत माझ्यावर वेळ आली तेव्हा दुसरं काहीच हाताशी नव्हतं, म्हणून तुझ्या पत्रातला तेवढाच भाग वाचून दाखवला. मला वाटलं, झालं, आता घरी जायचं. वर बघतो तर मादाम ब्रेशार रुमालाने डोळे टिपतायत. जाहिरातवाला एक पोरगा म्हणाला, "हे थेट काळजात घुसतं." त्याच्या काळजात याआधी काय काय घुसलंय कोण जाणे, पण त्याने तिथल्या तिथे ‘क्षमेचा विधी’ असं नाव ठेवूनही टाकलं. आता पुस्तकात एक अख्खं प्रकरण मेंढीला आहे. लेओन्सच्या बायकोला अर्धं पान आहे.

मादाम म्हणतात, तुझी स्मरणशक्ती हा पेढीचा ठेवा आहे. आणखी काही आठवलं तर पाठव.

कारखान्याचं चित्र मार्चनंतर स्पष्ट होईल. तोवर तू आठवण्याकडे लक्ष दे. केस बरेच उरलेत असं पोलेतला सांग.

रेमी


मियो, १६ जानेवारी १९९५

प्रिय रेमी,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. तू पाठवलेली चॉकलेटं मिळाली. त्यातल्या एका कडक चॉकलेटात पोलेतचा दात राहिला. तीही आभारी आहे.

गेल्या आठवड्यात पॅरिसहून दोन तरुण आले. टोकदार बूट, हातात मोजपट्टी. मला वाटलं, चला, पितळी हातांची दुरुस्ती करायला आले, कारण दोन हात तापत नाहीत हे मी किती वर्षं कळवतेय. (शिवलेले मोजे ज्या गरम हातांवर चढवून आपण इस्त्री करतो ते. तुला आठवत असतील. लहानपणी तू त्यातल्या एकाशी हस्तांदोलन करायला गेलास आणि गल्लीभर बोंबलत सुटलास.) पण त्यांनी यंत्रांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी भिंती मोजल्या. मग एकाने मला विचारलं, "तिकिटाची खिडकी इथं बसेल का?" मी म्हटलं, कसली तिकिटं? तो दुसऱ्याकडे बघायला लागला, आणि दुसरा बुटांकडे.

जाताना एक चित्र विसरून गेले. त्यात मेणाचा लेओन्स टेबलाशी उभा राहून कातडं कापतोय. हातात मोजे घालून. रेमी, मोजे घालून! कातडं किती ताणायचं ते उघड्या बोटांनाच कळतं. ऐन थंडीत नाक गळत असलं तरी आपल्याकडे कोणी टेबलाशी मोजा घालत नाही, हे मियोतलं शेंबडं पोरही सांगेल. पोलेतने ते चित्र भिंतीवर लावलंय आणि खाली लिहिलंय, "रेनकोट घालून आंघोळ".

चेष्टा पुरे झाली. मी साठीला आले. मला दुसरं काही येत नाही आणि शिकायचंही नाही. ह्या सतरा माणसांना सकाळी त्या दारातून आत यायचंय, तिकीट न काढता. मला भीती वाटते आहे, रेमी, आणि ती तुझ्या गोडगोड वाक्यांनी जाणार नाही. काय ठरलंय ते लिही.

सोलांज


पॅरिस, २४ जानेवारी १९९५

प्रिय सोलांज,

लिहितो.

जूनचा सोहळा उरकला की कापणं आणि शिवणं दोन्ही परदेशी हलणार, जिथे मजुरी कमी आहे तिथे. कुठे, ते मला सांगितलेलं नाही. मी फक्त आल्रिक आहे. मियोच्या कारखान्याचं संग्रहालय करणार. तू त्याची संचालिका, पगार आत्ताच्यापेक्षा बरा. बाकीच्यांना "सन्मानपूर्वक निरोप", हे शब्द त्यांचे. मला हे सप्टेंबरपासून माहीत होतं.

तू विचारशील की मी बोललो का नाही. कुठे बोलू? माझ्या दारावर ‘वारसा’ अशी पाटी आहे. बैठकीत मला खिडकीजवळ बसवतात, पाहुणे आले की दाखवतात, आणि काही ठरवायची वेळ आली की कॉफीचं काय झालं ते बघायला पाठवतात. पपांनी माझ्यासाठी खुर्ची मागून घेतली. तोंड मागायचं राहून गेलं.

तू तरी जरा व्यवहारी हो आणि संचालिकापद घे. निदान आपल्यातलं एक माणूस त्या इमारतीत राहील.

आणखी एक. पुस्तकाचं शेवटचं पान कोरं आहे. तिथे लेओन्सचा शेवट यायचाय. मादामना काहीतरी भारदस्त हवंय, मरताना उच्चारलेलं वगैरे. घरात कधी असं काही सांगितलं जायचं का ते आठवून बघ. छापखाना थांबलाय.

रेमी


मियो, १२ फेब्रुवारी १९९५

प्रिय रेमी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते पोस्टमनने हातात धरलं नसतं. आता राग शांत झालाय. तू म्हणतोस तशी मी व्यवहारी झाले आहे. बघ, अक्षर किती सरळ येतंय.

लेओन्सच्या शेवटाबद्दल विचारलंस. पपांकडून तू ऐकलं नसशील, तू पॅरिसला असायचास. १८९३ च्या हिवाळ्यात लेओन्स अंथरुणाला खिळला. शेवटच्या दिवशी त्याने हट्ट धरला की मला कारखान्यात न्या. चौघांनी खुर्चीसकट उचलून आणला. त्याने उजवी बाही वर सारली, उघडा तळवा कापायच्या टेबलावर ठेवला आणि सगळ्या कामगारांसमोर म्हणाला, "आल्रिकचा मोजा मियोत कापला जाईल आणि मियोतच शिवला जाईल. ज्या दिवशी तसं होणार नाही, त्या दिवशी दारावरून माझं नाव उतरवा." एवढं बोलला आणि मान टाकली. हात टेबलावरून सोडवायला दोघे लागले म्हणे. आजी तिथं हजर होती, नवी नवरी. सांगताना दर वेळी ती स्वतःची बाही वर सारून दाखवायची.

मादामना आवडतंय का बघ. फार साधं आहे. ह्यात मेंढी नाही.

संचालिकापदाचा विचार करते आहे.

तुझी व्यवहारी बहीण,
सोलांज


पॅरिस, ६ मार्च १९९५

प्रिय सोलांज,

मादामनी दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा सगळ्यांना उभं राहायला लावलं. मग मला म्हणाल्या, "हे खरं आहे ना, रेमी?" मी म्हणालो, "मादाम, मी लेओन्सचा पणतू आहे." त्यांना तेवढं पुरलं.

पुस्तकाचं शेवटचं पान झालं. शिवाय मोज्यांच्या प्रत्येक खोक्याच्या झाकणाच्या आत ती शपथ सोनेरी अक्षरांत छापायची आहे. आजीने मला हे कधी सांगितल्याचं आठवत नाही, पण आजी होतीच मुळी तुझी.

मी एक सुचवलं. म्हटलं, शपथ पॅरिसच्या दुकानाच्या दारावर दगडात कोरावी. इतक्या वर्षांत मी काही सुचवल्याची ही पहिलीच वेळ. मला नाही म्हणायची कोणाला सवयच नव्हती, त्यामुळे होकार मिळाला. इमारत जुनी आहे, तिच्या दर्शनी दगडाला बोट लावायचं तरी सरकारी परवानगी लागते. म्हणून मी रोज त्या कचेरीत जाऊन बसतो. तिथले मोस्यू पेल्त्ये फार सज्जन गृहस्थ आहेत. दुपारी आम्ही पत्त्यांचा एखादा डाव टाकतो. माझ्या प्रकृतीला मानवणारं काम आहे.

रेमी


मियो, १४ मार्च १९९५

रेमी,

इथं त्या टोकदार बुटांनी परत येऊन दारं मोजली, आणि तू तिकडे सरकारी बाबूबरोबर पत्ते कुटतोयस. शाब्बास. दगडात कोर, संगमरवरात कोर, स्वतःच्या कपाळावर कोर. पपा उगाच म्हणायचे नाहीत की हा मुलगा घर जळत असलं तरी पडदे कुठल्या रंगाचे होते ते सांगत बसेल.

सोलांज


पॅरिस, १९ जून १९९५

प्रिय सोलांज,

सोहळा झाला. तू आली नाहीस. "मेंढीला जागा अपुरी पडेल" हे तुझं कारण मी मादामना कळवलं. त्या मनापासून हळहळल्या.

मेंढी आली होती. न्हाऊमाखू घातलेली, गळ्यात रेशमी फीत, पायांखाली गुलाबी गालिचा. मादामनी तिच्यापुढे गुडघे टेकून दीडशे वर्षांची क्षमा मागितली. मेंढीने थोडा विचार केला आणि मादामच्या टोपीवरची फुलं खाल्ली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, क्षमा अशीच करत असावेत.

मग दारावरच्या दगडाचा पडदा सरकवला. (परवानगी वेळेत मिळाली. मोस्यू पेल्त्ये आले होते, कोपऱ्यात उभे राहून केक खात होते.) एका वार्ताहर बाईने ती शपथ मोठ्याने वाचली आणि विचारलं, "मादाम, आजच्या काळातही तुम्ही हे पाळणार?" डोक्यावर अर्धी टोपी, समोर कॅमेरे, मागे दगड. माणूस दुसरं काय बोलणार? मादामनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मी आहे तोवर." दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आलं. सोबत कात्रणं पाठवतो.

मागच्या बाजूला हिशेबखात्याचे प्रमुख उभे होते. त्यांच्या हातातला पेला तिरपा होऊन शॅम्पेन त्यांच्याच बुटावर गळत होती. बराच वेळ त्यांच्या लक्षात आलं नाही.

रेमी


मियो, २७ जून १९९५

प्रिय रेमी,

कात्रणं भिंतीवर लावली. पोलेतने कुठूनशी एक बाटली काढली, आणि भर दुपारी सतरा माणसांनी मादाम ब्रेशारच्या नावाने पेले उंचावले. हा दिवस बघायला पपा हवे होते. त्यांनी सगळ्यांना कामाला लावलं असतं.

पण मला धड झोप लागत नाही. उद्या कोणी खोदून विचारलं तर शब्द तू दिलेला आहेस, मी नाही. तुला एक गोष्ट सांगायची आहे, लेओन्सबद्दल. पत्रात नको. भेटलास की सांगेन. तोवर कोणी काही विचारलं तर आजारी पड. ते तुला छान जमतं.

सोलांज


पॅरिस, १४ सप्टेंबर १९९५

प्रिय सोलांज,

हलवाहलव रद्द झाली. मियोचा कारखाना चालू राहणार, तसं ठरवून लेखी झालंय. पितळी हातांच्या दुरुस्तीलाही माणूस पाठवतायत. आधी हे वाच, मग बस, मग पुढचं वाच.

सोहळ्यानंतर वकील आले. पहिला प्रश्न, दगड काढता येईल का? मी म्हणालो, मोस्यू पेल्त्येंना विचारून सांगतो. पेल्त्ये म्हणाले, कोरायची परवानगी इतक्या लवकर मिळाली हाच चमत्कार आहे. पुसायची मागितलीत तर समिती बसवावी लागेल, आणि आमच्याकडे समिती एकदा बसली की उठत नाही. तिकडे जपानी गिऱ्हाइकं झाकणं कापून शपथ चौकटीत लावतायत आणि मादामना तसं कळवतायत. तेव्हा दगडावरची शपथ राहणार. ती आहे तोवर काम मियोबाहेर न्यायचं तर दारावरचं नाव उतरवायला हवं. आणि नाव सोडून ह्या लोकांनी पपांकडून दुसरं काही विकतच घेतलं नव्हतं.

मग मला बोलावलं. शपथेला पुरावा काय? मी म्हणालो, मी. ते म्हणाले, म्हणजे काय? मी म्हणालो, मेंढीला होता तोच. त्यावर वकिलांनी कागद मिटले, कारण मेंढीपुढे मादाम स्वतः गुडघ्यांवर होत्या आणि बाकीचे टाळ्या वाजवत होते.

मला बढती मिळाली आहे. मी आता ‘सन्माननीय वारस’. खोली काढून घेतली, पाटी मला घरी नेऊ दिली. वर्षातून एकदा जेवायला बोलावणार आहेत. वाईट वाटतं का? वाटतं. सकाळी दाढी करून तयार होतो आणि मग कुठे जायचं ते कळत नाही.

आता तुझ्या त्या गोष्टीबद्दल, जी पत्रात नको होती. ऑक्टोबरात तू लेओन्सला तुलूझला शिंपल्यांवर मारलंस. फेब्रुवारीत मियोला, टेबलावर हात ठेवून. सोलांज, मी आळशी आहे, पण मला वाचता येतं. शिवाय आजी नाताळला शिंपले वाढायची तेव्हा मी टेबलाखाली होतो, बहिरा नव्हतो. खुर्चीसकट उचलून आणला तिथंच मला कळलं. खरं सांगू, मला त्याचं दुसरं मरण जास्त आवडलं. कागद ते पुन्हा छापू शकले असते, म्हणून दगडाची घाई केली.

आयुष्यात एकच काम नीट केलं, आणि ते म्हणजे थाप. कोणाला सांगू नको.

तुझा,
रेमी


मियो, ८ ऑक्टोबर १९९५

प्रिय सन्माननीय वारस,

तुझं पत्र तू सांगितलंस तसं वाचलं. बसले, आणि मग बराच वेळ उठले नाही. मी रडले हे लिहून टाकते, नाहीतर पोलेत तुला कळवेल. आजवर तुला जी नावं ठेवली ती परत घेते. सगळी नाही. थोडी राखून ठेवते, पुढे लागतील. पडद्यांचं वाक्य मात्र परत घेतलं. दगडाचं तुला सुचलं, मला नसतं सुचलं.

तू खोलीतून सुटलास. शिक्षा मला झाली आहे. संग्रहालय टळलं, पण सोहळ्यापासून दर गुरुवारी लोकांना कारखाना दाखवायचा असा मादामचा हुकूम आहे, तो काही टळला नाही. ऑगस्टात रस्त्यावर सुट्टीवाल्यांच्या गाड्यांची रांग लागली की उन्हात शिजलेली कुटुंबं आइस्क्रीम हातात घेऊन आत शिरायची. आणि मी, जिने तुमच्या थापांना जन्मभर नाकं मुरडली, ती बाही वर सारून उघडा तळवा टेबलावर ठेवते आणि लेओन्सच्या आवाजात शपथ म्हणते. मान टाकत नाही एवढंच. मागच्या गुरुवारी एका बाईने विचारलं की त्यांना वेदना झाल्या का हो. मी म्हटलं, शर्यतीइतक्या नाही. तिने मान डोलावली.

मेंढीही आमच्याकडेच पाठवून दिली. मागच्या अंगणात असते. कोणालाही क्षमा करत नाही.

आणि इथल्या लोकांचं डोकं फिरलंय. पोलेत म्हणते, खुर्ची उचलणाऱ्या चौघांपैकी एक तिचा पणजोबा. मी म्हटलं, "पोलेत, अगं हे मी रचलंय, तुझ्याच शेजारी बसून, तूच म्हणालीस की खुर्ची घाल म्हणून." ती म्हणाली, "असेल. पण पणजोबा होता." आता बाकीच्या तिघांसाठी तीन घरांत भांडणं चालू आहेत.

आता तुझ्या सकाळींचं. आपल्या घरात मुलाला अठरावं लागलं की पपा स्वतः मोजे कापून द्यायचे. मला दिले, ते अजून आहेत. तू अठराव्या वर्षी पॅरिसची गाडी पकडलीस, आणि पपा म्हणाले, कचेरीतल्या हातांना मोजे कशाला हवेत. ते चुकीचं बोलले. मी एक कातडं बाजूला काढून ठेवलंय, मऊ आहे, दोन्ही हात त्यातून निघतील. कागदावर पंजा ठेवून पेन्सिल फिरवून पाठवायचा विचार असेल तर सोडून दे. माप घ्यायचं तर कोपर टेबलावर टेकवून समोर बसावं लागतं, ते पोस्टाने होत नाही. दाढी करून तयार होतोसच, तर तसाच गाडीत बस.

गुरुवारी आलास तर रांगेत उभा राहा आणि तिकीट काढ. सन्माननीय वारसांना सूट नाही. शपथ म्हणून झाली की कोणीतरी हमखास विचारतं, हे सगळं ऐकायला तेव्हा घरचं कोण होतं? खरं तर आजीचं नाव सांगायला हवं. पण पहिल्याच गुरुवारी, तू काय केलंस ते मला ठाऊकही नव्हतं तेव्हा, माझ्या तोंडून दुसरंच निघालं आणि मग मी तेच चालू ठेवलं. मी सांगते, धाकटा मुलगा होता घरातला, टेबलाखाली बसलेला, कोणाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

नाव विचारतात. मी रेमी सांगते.

तुझी,
सोलांज